हवेच्या विहिरीबाहेर: फुगे, उपग्रह आणि वैश्विक किरण

हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, म्हणजे टीआयएफआरचं, बलून केंद्र आहे. तिथून संशोधनाचे मोठे फुगे सुटायचे असले की वर्तमानपत्रांत एक छोटी सूचना येते. आशय असा असतो: फुग्याखाली बांधलेली उपकरणं मोठ्या रंगीत पॅराशूटने जमिनीवर उतरतील. तेलंगणाबरोबरच उत्तर कर्नाटकात आणि महाराष्ट्रातल्या नांदेड, लातूर, सोलापूर अशा जिल्ह्यांतही ती पडू शकतात. सापडली तर पेटी उघडू नका, हलवू नका, पोलिसांना किंवा पेटीवरच्या पत्त्यावर कळवा. म्हणजे सकाळी हरभऱ्याच्या रानात गेलेल्या माणसाला एखाद्या दिवशी अशी पेटी दिसू शकते, जी काही तासांपूर्वी 30 ते 40 किलोमीटर उंचीवर, अवकाशाच्या उंबरठ्याशी तरंगत होती.

आज त्या पेट्यांमध्ये क्ष-किरणांच्या दुर्बिणींपासून हवेचे नमुने गोळा करणाऱ्या यंत्रांपर्यंत बरंच काही असतं. आपले जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली 41 किलोमीटरपर्यंतच्या हवेत सूक्ष्मजीव आहेत का, हे शोधायला याच केंद्रातून फुगा सोडला होता. पण आपल्याकडे एवढ्या उंचीवर फुगे सोडायची गरज पहिल्यांदा पडली ती वैश्विक किरणांसाठी. हे किरण काय असतात, आणि त्यांना भेटायला इतकं वर का जावं लागतं, हे आज समजून घेऊ.

किरण म्हणायचे, पण ते कण आहेत

मराठीत यांना विश्वकिरण असंही म्हणतात. दोन्ही नावांमुळे एक गैरसमज होतो. प्रकाशाचे असतात तसे हे किरण नव्हेत. हे पदार्थाचे कण आहेत: अणूंचे गाभे, ज्यांच्या भोवतीचे इलेक्ट्रॉन कधीच गळून पडले आहेत. दर शंभरांतले सुमारे नव्वद कण हायड्रोजनचे गाभे, म्हणजे साधे प्रोटॉन. नऊ-दहा हेलियमचे गाभे. उरलेल्या जेमतेम एका टक्क्यात कार्बन, ऑक्सिजन, लोखंड अशी जड मूलद्रव्यं आणि सुटे इलेक्ट्रॉन. 1920 च्या दशकात रॉबर्ट मिलिकन यांनी हे नाव रूढ केलं, तेव्हा हा गॅमा किरणांसारखाच काही प्रकार असावा असं त्यांना वाटत होतं. पुढे त्यांचं म्हणणं खोटं ठरलं, नाव मात्र टिकलं.

हे कण प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ जातात. त्यांची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. नेहमीच्या वैश्विक कणाची ऊर्जा असते एक-दोन अब्ज. आणि 1991 साली अमेरिकेतल्या युटामध्ये नोंदल्या गेलेल्या एका कणाची ऊर्जा जूलमध्ये मांडली तर सुमारे 50 जूल भरली. फिरकी गोलंदाजाने ताशी नव्वद किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत जेवढी ऊर्जा असते तेवढी, एका अणूच्या गाभ्यापेक्षा मोठ्या नसलेल्या कणात! निसर्गात असं काय आहे जे कणाला एवढा जोर देतं? ताऱ्यांचे स्फोट हे उत्तराचा एक भाग आहे. फर्मी या उपग्रहाने स्फोट झालेल्या दोन ताऱ्यांच्या अवशेषांतून आलेले गॅमा किरण तपासले, आणि तिथे प्रोटॉनना वेग मिळत असल्याची खूण 2013 मध्ये जाहीर झाली. पण युटातल्या त्या कणाला पुरेल इतका जोर ताऱ्याच्या स्फोटातही नसतो. त्याचा कारखाना अजून सापडलेला नाही.

पाच-सहा परस खोल विहीर

आता मुख्य अडचणीकडे येऊ. आपण हवेच्या तळाशी राहतो. डोक्यावरची सगळी हवा वजनात धरली तर ती 10 मीटर पाण्याइतकी भरते. आपल्या जुन्या मापात सांगायचं तर पाच-सहा परस खोल, काठोकाठ भरलेल्या विहिरीच्या तळाशी उभं राहून वर बघण्यासारखं आहे हे. या विहिरीमुळेच आपण सुरक्षित आहोत, आणि तिच्यामुळेच मूळ वैश्विक कण आपल्यापर्यंत जवळजवळ कधीच पोहोचत नाही.

होतं असं. वरून आलेला प्रोटॉन हवेत शिरतो आणि साधारण 15 ते 20 किलोमीटर उंचीवर नायट्रोजनच्या किंवा ऑक्सिजनच्या एखाद्या गाभ्यावर आदळतो. कॅरममध्ये पहिला स्ट्रायकर मारल्यावर सोंगट्या फुटतात तसं काहीसं घडतं, फरक इतकाच की इथे नव्या सोंगट्या जन्माला येतात आणि त्याही पुढे जाऊन आणखी फोडाफोडी करतात. एका कणाचे हजारो, लाखो, कधी अब्जावधी कण होतात. याला कणांची सर म्हणता येईल. जमिनीवर पोहोचते ती या सरीची शेवटची भुरभुर, मुख्यतः म्युऑन नावाचे कण. आत्ता हे वाचताना तुमच्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्युऑन आरपार जातो आहे. तो दुखत नाही, दिसत नाही.

म्युऑनवरून मूळ कणाचा अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच. फुटलेल्या सोंगट्या कुठे कुठे पडल्या एवढंच बघून स्ट्रायकर प्लास्टिकचा होता की हस्तिदंती, हे सांगण्यासारखं आहे ते. वरून आलेला गाभा कार्बनचा होता की लोखंडाचा, त्याचा विद्युतभार किती, तो द्रव्याचा की प्रतिद्रव्याचा (म्हणजे तशाच पण उलट भाराच्या कणांचा), हे नेमकं कळायला हवं असेल तर स्ट्रायकर सोंगट्यांवर आदळायच्या आधीच गाठावा लागतो. विहिरीच्या बाहेर पडावंच लागतं.

हेसचा फुगा

विहिरीच्या काठाकडे निघालेल्या सुरुवातीच्या माणसांपैकी एक स्वतः टोपलीत बसून गेला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक छोटीशी गोष्ट शास्त्रज्ञांना छळत होती. शाळेत आपण सुवर्णपत्र विद्युतदर्शी पाहतो: भार दिला की सोन्याची दोन पातळ पानं एकमेकांपासून दूर होतात. हे उपकरण कितीही चांगलं बंद करा, पानं हळूहळू मिटतात. म्हणजे आतल्या हवेत काहीतरी विद्युतभारित कण तयार करतं आहे आणि ते भार पळवतात. जमिनीतल्या किरणोत्सारी खनिजांचं हे काम असावं असा सर्वांचा समज होता. थेओडोर वुल्फ या जर्मन पाद्र्याने 1910 मध्ये आपलं सुधारलेलं उपकरण पॅरिसच्या आयफेल टॉवरवर नेलं. जमिनीपासून 300 मीटर वर गेल्यावर परिणाम जवळपास नाहीसा व्हायला हवा होता. तो घटला खरा, पण अपेक्षा होती तितका मुळीच घटला नाही.

व्हिएन्नाच्या व्हिक्टर हेस यांनी 1912 साली सात वेळा फुग्यातून उड्डाण केलं. त्यांतलं एप्रिलमधलं उड्डाण सूर्यग्रहणाच्या वेळी होतं. चंद्र सूर्याला झाकत असताना आकडे घसरले नाहीत, म्हणजे हे जे काही आहे ते सूर्यातून येत नाही. मग 7 ऑगस्टला हायड्रोजन भरलेल्या फुग्यातून, तीन विद्युतदर्शी सोबत घेऊन, ते आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या एका गावाहून निघाले आणि सुमारे 5,300 मीटरपर्यंत चढले. त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की नुसतं बसून आकडे टिपणंही कष्टाचं होतं. आकडे सुरुवातीला थोडे उतरले, कारण जमिनीचा किरणोत्सार मागे पडत होता. त्यानंतर ते चढायला लागले आणि सर्वांत वर जमिनीवरच्या दुपटीच्याही पुढे गेले. हेस यांनी निष्कर्ष काढला की खूप भेदक असं काहीतरी वरून, वातावरणाबाहेरून येतं आहे. 1936 मध्ये त्यांना यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं.

मला या कथेत आवडते ती त्यांची ग्रहणाची चाचणी. पाच किलोमीटर उंचीचं धाडस सगळ्यांच्या लक्षात राहतं, पण सूर्य हा सोपा संशयित आधी वगळून टाकण्याची शिस्त जास्त मोलाची आहे.

पुढच्या दोन-तीन दशकांत हे किरण म्हणजे गरिबांचं प्रवेगक यंत्र, कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र, ठरले. पॉझिट्रॉन 1932 मध्ये, म्युऑन 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात, पायॉन 1947 मध्ये, हे सगळे नवे कण वैश्विक किरणांतच सापडले. मोठं यंत्र नको, वीज नको, फक्त उंची हवी. भारतासारख्या पैशाने तंग देशाला हे शास्त्र फार मानवलं. होमी भाभा यांनी 1937 मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत कणांच्या सरीचं गणित मांडलं होतं. 1939 मध्ये ते सुट्टीवर भारतात आले, युद्ध सुरू झालं आणि ते इथेच राहिले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी वैश्विक किरणांचा विभाग सुरू केला आणि फुगे सोडायला लागले. विक्रम साराभाईंची केंब्रिजची डॉक्टरेटही याच विषयावरची. देशाचा अणुकार्यक्रम आणि अवकाश कार्यक्रम उभारणारी दोन्ही माणसं तरुणपणी एकाच गोष्टीच्या मागे होती, ही जोड आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही असं मला वाटतं.

फुगा वर कसा राहतो

संशोधनाचा फुगा वाढदिवसाच्या फुग्यासारखा रबरी आणि ताणलेला नसतो. तो पॉलिथिनच्या अतिशय पातळ फिल्मचा असतो. भाजी आणायच्या पिशवीचं प्लास्टिक जेवढं, त्याहूनही अनेकदा पातळ. सुटताना त्याच्या फक्त डोक्याकडच्या भागात हेलियम किंवा हायड्रोजन असतो, बाकीचा फुगा खाली लांब वातीसारखा लोंबत असतो. पाहणाऱ्याला वाटतं, भरायचा राहून गेला. पण वर हवेचा दाब कमी होत जातो आणि वायू पसरत जातो. 40 किलोमीटरवर तोच वायू जमिनीवरच्या दोनशे पटींहून जास्त जागा व्यापतो आणि फुगा पूर्ण गोलाकार होतो. सर्वांत मोठ्या फुग्यांचं आकारमान दहा लाख घनमीटरच्या वर जातं. खालचं तोंड उघडंच ठेवलेलं असतं, म्हणजे जादा वायू निघून जातो आणि फुगा फुटत नाही.

या उंचीवर विहिरीतलं पाणी 10 मीटरवरून साधारण 3 सेंटीमीटरवर आलेलं असतं. वर जाताना उपकरणातल्या मोजणीचा आलेख पाहण्यासारखा असतो. आकडे चढत जातात, साधारण 20 किलोमीटरवर कळस गाठतात आणि मग पुन्हा उतरतात. कारण 20 किलोमीटरच्या आसपास कणांच्या सरींची सर्वांत जास्त गर्दी असते. ती मागे टाकली की समोर उरतात ते मूळ, न फुटलेले कण. आलेख उतरायला लागला म्हणजे आपण सरीच्या वर आलो.

फुग्याचा शत्रू म्हणजे रात्र. सूर्य मावळला की वायू थंड होतो, आक्रसतो आणि फुगा खाली येऊ लागतो. मग बारीक छर्ऱ्यांचा भार टाकून तो सावरावा लागतो, आणि दोन-चार रात्रींत भार संपतो. यावरचा उपाय पृथ्वीच्या दक्षिण टोकाला आहे. अंटार्क्टिकाच्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, सूर्य मावळतच नाही, आणि वरचे वारे ध्रुवाभोवती गोल फिरत असतात. अमेरिकेच्या मॅकमर्डो तळाजवळच्या बर्फावरून सोडलेला फुगा दोनेक आठवड्यांत खंडाला प्रदक्षिणा घालून जवळपास तिथेच परत येतो. क्रीम नावाचं उपकरण 2004-05 मध्ये असं 42 दिवस फिरलं. सुपरटायगर 2012-13 मध्ये 55 दिवस वर होतं. लोखंडापेक्षा जड मूलद्रव्यांचे विरळ गाभे मोजायला ते पाठवलं होतं, आणि अशा कामात एकेक दिवस मोलाचा असतो.

अंटार्क्टिकाचा आणखी एक फायदा आहे, आणि तो समजला की हैदराबादचाही समजतो. वैश्विक कणांवर विद्युतभार असल्यामुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना वळवतं. चुंबकीय विषुववृत्ताजवळ हा अडथळा सर्वांत जबर असतो. हैदराबादच्या आकाशात सुमारे 16-17 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमी ऊर्जेचे प्रोटॉन सरळ वरून येऊच शकत नाहीत. ध्रुवांजवळ मात्र चुंबकीय रेषा जमिनीत उतरतात, त्यामुळे कमी ऊर्जेच्या कणांनाही वाट मोकळी असते. म्हणून कमी ऊर्जेचे कण हवे असतील तर अंटार्क्टिका गाठायचं. आणि क्ष-किरण किंवा गॅमा किरणांनी तारे बघायचे असतील, तर हे कण म्हणजे नुसती कुरकुर करणारी खरखर असते. त्यासाठी हैदराबाद उत्तम, कारण तिथे ही खरखर कमी. एका शास्त्राची अडचण दुसऱ्याच्या पथ्यावर पडली आहे.

कणाची ओळख कशी पटवायची

एक कण उपकरणातून एका सेकंदाच्या काही अब्जांश भागात निघून जातो. एवढ्यात त्याला तीन प्रश्न विचारायचे असतात: भार किती, वेग किती, ऊर्जा किती.

भाराचा प्रश्न सर्वांत सोपा. एक खास प्लास्टिक असतं, ज्यातून भारित कण गेला की ते क्षणभर चमकतं. चमक भाराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रोटॉनचा भार 1, लोखंडाच्या गाभ्याचा 26. म्हणजे त्याच वेगाच्या लोखंडाची चमक प्रोटॉनच्या 676 पट. चमकेच्या तेजावरून मूलद्रव्य ओळखता येतं. वेगासाठी दुसरी युक्ती आहे: काचेत किंवा पाण्यात प्रकाश मंदावतो, आणि कण त्या मंदावलेल्या प्रकाशापेक्षा जोरात गेला तर निळसर प्रकाशाचा शंकू निघतो. शंकूचा कोन वेग सांगतो. ऊर्जेसाठी कणाला जाड धातूच्या किंवा स्फटिकाच्या ठोकळ्यात मुद्दाम फोडतात आणि आत पडलेली सर मोजतात. जे हवेत होऊ द्यायचं नव्हतं, तेच आपल्या डोळ्यांसमोर, मोजमापासह घडवून आणायचं.

भारताची एक साधी पण फार सुंदर पद्धत इथे सांगायलाच हवी. 1985 साली चॅलेंजर यानातून स्पेसलॅब-3 मोहीम गेली, तिच्यात अनुराधा नावाचं टीआयएफआरचं उपकरण होतं. त्यात चकाकणारं काही नव्हतं, होत्या फक्त खास प्लास्टिकच्या पातळ चकत्यांच्या थप्प्या. जड गाभा चकतीतून गेला की वाटेतले रेणू तुटतात. चकत्या पृथ्वीवर आणून कॉस्टिक सोड्यात बुडवल्या की तुटलेला भाग लवकर विरघळतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली कणाच्या वाटेवर छोटे शंकूसारखे खड्डे दिसतात. पण कण नेमका केव्हा आला हे प्लास्टिक सांगत नाही. म्हणून एक थप्पी स्थिर आणि तिच्याखालची हळूहळू फिरणारी ठेवली. वरचा आणि खालचा खड्डा किती कोनाने सरकला आहे त्यावरून वेळ कळते, आणि वेळेवरून यान तेव्हा पृथ्वीच्या कुठल्या भागावर होतं ते कळतं. मग पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रच चाळणीसारखं वापरता येतं: या ठिकाणी एवढ्या कमी ऊर्जेचा कण पोहोचला, याचा अर्थ त्याचा भार कमी होता, त्याचे सगळे इलेक्ट्रॉन गळालेले नव्हते. प्लास्टिक, कॉस्टिक सोडा आणि एक फिरती चकती यांच्या बळावर अणूच्या अंगावर किती इलेक्ट्रॉन उरले होते ते काढलं.

अवकाशातली उपकरणं

फुगा 3 सेंटीमीटर पाण्याखाली राहतोच. प्रोटॉनना त्याने फार फरक पडत नाही, पण लोखंडासारखे जड गाभे तेवढ्या हवेतही बरेच फुटतात आणि हिशेबात दुरुस्ती करावी लागते. शिवाय महिना-दोन महिन्यांत उड्डाण संपतं. उपग्रहाला या दोन्ही अडचणी नाहीत.

अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्स्प्लोरर-1 हा 31 जानेवारी 1958 रोजी गेला, तोही वैश्विक किरण मोजण्याचं साधन घेऊनच. जेम्स व्हॅन ॲलन यांचा गायगर काउंटर, म्हणजे येणारे कण मोजणारं यंत्र, त्यात होता. कक्षेच्या वरच्या भागात गेलं की काउंटर एकदम शून्य दाखवायचा. यंत्र बिघडलं म्हणावं तर खाली आल्यावर पुन्हा नीट चालायचं. उलगडा असा झाला की वर कण इतके जास्त होते की काउंटरला एकामागून एक मोजायला उसंतच मिळत नव्हती, तो गुदमरून गप्प बसत होता. पृथ्वीभोवती चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या कणांचे पट्टे आहेत, हे अशा रीतीने कळलं. आज त्यांना व्हॅन ॲलन पट्टे म्हणतात.

या क्षेत्रातलं आजचं सर्वांत मोठं उपकरण म्हणजे एएमएस-02. मे 2011 मध्ये एंडेव्हर यानाने ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर नेऊन बसवलं. वजन सुमारे साडेसात टन. नोबेल विजेते सॅम्युएल टिंग या प्रकल्पाचे प्रमुख. त्याच्या पोटात एक मोठं कायम चुंबक आहे, आणि तेच त्याचं वैशिष्ट्य. चुंबकात धन भाराचा कण एका बाजूला वळतो, ऋण भाराचा दुसऱ्या बाजूला. त्यामुळे इलेक्ट्रॉन आणि त्याचं प्रतिद्रव्यातलं जुळं भावंड पॉझिट्रॉन यांच्यात फरक करता येतो. चमक दोघांची सारखीच असते, वळण्याची दिशा मात्र खोटं बोलत नाही.

त्याआधी, 2006 मध्ये रशियन उपग्रहावरून गेलेल्या पामेला या उपकरणाने एक कोडं समोर आणलं होतं. वैश्विक किरण तारकांमधल्या वायूवर आदळले की थोडे पॉझिट्रॉन तयार होतात. ऊर्जा वाढेल तसं त्यांचं प्रमाण घटायला हवं. पामेलाला ते सुमारे 10 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टनंतर वाढताना दिसलं. एएमएसने हे फार मोठ्या अचूकतेने पक्कं केलं, आणि 300 अब्जांच्या आसपास ही वाढ थांबून पॉझिट्रॉन झपाट्याने कमी होतात हेही दाखवलं. हे जादा पॉझिट्रॉन कुठून येतात? जवळपासच्या पल्सारांमधून, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या मेलेल्या ताऱ्यांमधून येत असतील. किंवा कृष्ण पदार्थाचे, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षणावरून जाणवणाऱ्या पदार्थाचे, कण एकमेकांवर आदळून नष्ट होताना निर्माण होत असतील. माझा कल पल्सारांकडे आहे, कारण ते आहेत हे आपल्याला ठाऊक आहे आणि ते पॉझिट्रॉन तयार करतात हेही. पण निकाल लागलेला नाही.

एएमएसची अवकाशात दुरुस्ती करावी लागेल असं कुणी गृहीत धरलं नव्हतं. कण कुठून कुठे गेला ते टिपणाऱ्या भागाला थंड ठेवणारे पंप एकेक करून बंद पडले. नोव्हेंबर 2019 ते जानेवारी 2020 या काळात लुका पारमितानो आणि अँड्र्यू मॉर्गन यांनी चार वेळा स्थानकाबाहेर जाऊन, खास त्यासाठी बनवलेल्या हत्यारांनी पोलादी नळ्या कापल्या आणि नवी शीतयंत्रणा जोडली. अवकाशवीराच्या जाड हातमोज्यांत बोटांनी साधी नळी धरणंसुद्धा अवघड असतं. उपकरण पुन्हा चालू झालं आणि आजवर त्याने 200 अब्जांहून जास्त कण नोंदले आहेत.

तरीही उपग्रहाची एक मर्यादा पैशाने किंवा कौशल्याने सुटत नाही. ऊर्जा वाढते तसे कण भयंकर वेगाने विरळ होतात. 30 लाख अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास एका चौरस मीटरवर वर्षाकाठी जेमतेम एक कण पडतो. युटातल्या त्या कणाच्या पातळीवर एका चौरस किलोमीटरवर शंभर वर्षांत एखादा. एवढी मोठी ताटली अवकाशात नेता येत नाही. म्हणून सर्वोच्च ऊर्जेसाठी पुन्हा जमिनीवर, विहिरीच्या तळाशीच यावं लागतं. अर्जेंटिनातल्या पिएर ऑझेर वेधशाळेने 3,000 चौरस किलोमीटरवर यंत्रं मांडून ठेवली आहेत. आपल्याकडे उटीला, 2,200 मीटर उंचीवर, ग्रेप्स-3 हा टीआयएफआरचा प्रयोग सरींचे म्युऑन मोजतो.

यातून एक मधली वाटही काहींनी शोधली: फुगा वर न्यायचा, पण दुर्बीण खाली रोखायची. कणांची सर हवेतून जाताना नायट्रोजन मंद अतिनील प्रकाश देतो. वरून बघितलं तर हजारो चौरस किलोमीटरची हवा हाच शोधक होतो. त्यासाठी भोपळ्याच्या आकाराचा, रात्रीही आक्रसत नाही असा बंद फुगा न्यूझीलंडच्या वानाकाहून सोडतात. 2017 मध्ये असा फुगा गळायला लागला आणि 12 दिवसांत उपकरणासह प्रशांत महासागरात गेला. 2023 मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तेव्हा दीड दिवसातच गळती झाली. वर्षानुवर्षांची मेहनत दोन्ही वेळा समुद्रात बुडाली. कल्पना मात्र मला पटते, आणि ती पुन्हा उडावी असं मनापासून वाटतं.

सतरा वर्षं, पंधरा गाभे

एसीई हा उपग्रह 1997 पासून पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने 15 लाख किलोमीटरवर आहे. त्यावरचं एक उपकरण गाभ्यांचं वजन इतकं बारकाईने करतं की एकाच मूलद्रव्याचे समस्थानिकही वेगळे ओळखू येतात. हे वजन म्हणजे घड्याळ आहे. बेरिलियम-10 हा समस्थानिक किरणोत्सारी असून त्याचं अर्धायुष्य सुमारे 14 लाख वर्षं. वैश्विक किरण वाटेत वायूवर आदळले की तो तयार होतो आणि हळूहळू संपतो. तो किती उरला आहे ते मोजलं की कळतं, हे किरण आपल्या आकाशगंगेत सरासरी दीड कोटी वर्षं भटकून इथे पोहोचलेले आहेत. चुंबकीय क्षेत्रांत वळणं घेत घेत आल्यामुळे त्यांची दिशा पुसली गेलेली असते, पण वय त्यांच्या अंगावर लिहिलेलं असतं.

त्याच उपकरणाने 17 वर्षांत लोखंडाचे सुमारे 3 लाख 55 हजार गाभे तोलले. त्यांतले 15 लोखंड-60 या समस्थानिकाचे निघाले. फक्त 15. लोखंड-60 मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटात बाहेर फेकलं जातं आणि त्याचं अर्धायुष्य 26 लाख वर्षं आहे. म्हणजे हे 15 गाभे घडवणारा स्फोट विश्वाच्या हिशेबात अगदी अलीकडचा, काही लाख ते काही दशलक्ष वर्षांपूर्वीचा, आणि आपल्या शेजारातला असायला हवा. फार दूरचा असता तर ते वाटेतच संपले असते.

हेच लोखंड-60 प्रशांत महासागराच्या तळाशी अतिशय सावकाश वाढणाऱ्या कवचांतही सापडलं आहे. तिथे ते वैश्विक किरण म्हणून आलं नाही, ताऱ्याच्या धुळीच्या कणांतून आलं. आणि 2019 मध्ये जाहीर झालेल्या एका अभ्यासात अंटार्क्टिकाहून सुमारे 500 किलो ताजा बर्फ गोठलेल्या अवस्थेतच जर्मनीतल्या म्युनिकला नेला, वितळवला, गाळला आणि त्यातला लोखंडाचा अंश तपासला. त्यातही ते होतं. ज्या खंडावर फुगे महिनाभर घिरट्या घालत ताऱ्यांचे गाभे मोजतात, त्याच खंडाच्या बर्फात ताऱ्याची धूळ गेल्या वीस वर्षांतही पडत होती.